‘वि’ म्हणजे विक्रोळीच का? डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला वाचायला कसं शिकवतात

गाडी विद्याविहारला थांबली. खिडकीशी बसलेल्या सोहमने (नाव बदललं आहे) पाटीकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, “बाई, विक्रोळी!” त्याची आई ओशाळली. “अरे, विक्रोळीला तर आपण चढलो ना! लक्ष कुठे असतं रे तुझं?”

लक्ष पाटीवरच होतं. नऊ वर्षांचा, चौथीतला मुलगा. पहिला ‘वि’ त्याने बरोबर ओळखला होता. पुढची अक्षरंही त्याला दिसत होती, पण त्यांचे आवाज जुळून येत नव्हते. मग हाती होतं त्यावर त्याने भागवलं: ‘वि’ने सुरू होणारं ओळखीचं स्टेशन कोणतं, तर आपलं, घराजवळचं. त्याने वाचलं नव्हतं, अंदाज केला होता. चार वर्षं शाळेत तो असाच अंदाजावर तगून होता. त्याच्या एका शिक्षिकेने प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे पण आळशी’ असं लिहिलं होतं. खरं तर त्या वर्गात सगळ्यात जास्त मेहनत हाच मुलगा करत असणार. बाकीची मुलं वाचत होती, हा प्रत्येक शब्दाला कोडं सोडवत होता.

मी मुंबईत अशा मुलांना वाचायला शिकवते. पालकांशी पहिल्या भेटीत जे बोलावं लागतं, तेच इथे जरा सविस्तर मांडते आहे. आपल्याकडे डिस्लेक्सियाची चर्चा होते ती बहुतेक प्रमाणपत्राची आणि परीक्षेतल्या सवलतींची. त्या मुलाला वाचायला शिकवायचं कसं, आणि तेही देवनागरीत, यावर फारसं कोणी बोलत नाही.

डिस्लेक्सिया ही एक विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि यातला ‘विशिष्ट’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मुलाची समज चांगली असते, बोलणं चांगलं असतं, तोंडी हिशेब कधीकधी आपल्याला लाजवतील असे असतात. अडतं ते लिहिलेल्या शब्दाचा आवाज अचूक आणि झटकन काढताना, आणि ऐकलेला शब्द बरोबर लिहिताना. कमी बुद्धीमुळे हे होत नाही, घरच्यांच्या दुर्लक्षामुळे होत नाही, मोबाइलमुळेही होत नाही. घराण्यात ते पुष्कळदा चालत आलेलं असतं. मुलाची सगळी माहिती घेऊन झाली, आई जिना उतरायला लागली, की मागे रेंगाळलेले बाबा दाराशी हळूच म्हणतात, “माझंही असंच होतं हो.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी त्याची वाटच बघते. किती मुलांना हा त्रास असतो याचे अंदाज व्याख्येनुसार बदलतात, पण शंभरात पाच ते दहा हा आकडा वारंवार दिला जातो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन ते सहा. प्रत्येक वर्गात कोणी ना कोणी असतंच.

डोळ्यांबद्दलचा गैरसमज आधी दूर करते, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. ‘त्याला अक्षरं उलटी दिसतात’ असं सर्रास म्हटलं जातं. अक्षरं उलटी दिसत नाहीत. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटं काढणारी मुलं भरपूर असतात आणि त्यातली बहुतेक पुढे व्यवस्थित वाचतात. मुलाची नजर तपासून घ्यावी, चष्मा लागत असेल तर लावावा. पण रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया जात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र निवेदन काढून हे स्पष्ट सांगितलं आहे.

हा घोळ जुना आहे आणि त्याला कारणही आहे. डिस्लेक्सिया हे नाव एकोणिसाव्या शतकात दिलं तेच मुळी रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने. पुढे १८९६ मध्ये इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. पोरगा चलाख, खेळात कुणाच्या मागे नाही, पण स्वतःचं नाव ‘पर्सी’ लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून ‘प्रेसी’ लिहायचा. सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत हाच सगळ्यात हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. मॉर्गन यांनी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. नाव चुकलं, पण निरीक्षण अचूक होतं. आजही मुंबईत एखादी आई ‘तोंडी विचारा, सगळं सांगतो’ म्हणते, तेव्हा मला ते मास्तर आठवतात.

मग अडचण कुठे असते? बहुतांश मुलांमध्ये आवाजांच्या हाताळणीत. कान ठणठणीत असतात, पण ऐकलेला शब्द तुकड्यांत फोडणं, तुकडे हलवणं, पुन्हा जोडणं जड जातं.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे ‘च’ची भाषा. चाळीच्या गॅलरीत मोठ्यांना कळू नये म्हणून मुलं ती बोलत. ‘कुठे’चं ‘चठेकु’, ‘काय’चं ‘चयका’. पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी न्यायचं, पुढे ‘च’ लावायचा. ज्याला शब्दाचे तुकडे मनातल्या मनात सरकवता येतात तो चार दिवसांत ही भाषा पोपटासारखी बोलतो. सोहमची धाकटी बहीण ती बोलते. सोहमला ती कधीच जमली नाही. दुसरीतली बहीण आणि तिच्या मैत्रिणी आपल्याबद्दल काय बोलताहेत हे कळेना म्हणून तो रडकुंडीला यायचा. घरच्यांनी ही भावंडांची भांडणं समजून सोडून दिली. मला मात्र ती माहिती सगळ्या चाचण्यांइतकी मोलाची वाटली.

ही ध्वनींची जाण तपासायला कागदही लागत नाही. ‘कागद’मधला ‘का’ काढला तर काय उरेल? ‘गद’. हे अक्षराच्या पातळीवरचं काम, पाच-सहा वर्षांच्या पुष्कळ मुलांना जमतं. आता ‘की’ या एकाच अक्षरात आवाज किती? दोन: ‘क्’ आणि ‘ई’. ‘की’मधला ‘क्’ काढून ‘प्’ घातला तर? ‘पी’. हे पुढचं, बारीक काम. यापुढेच गाडी अडते. दुसरी एक खूण असते: रंगांची, वस्तूंची ओळखीची नावं भराभर सांगताना अडखळणं. नाव माहीत असतं, ओठांवर यायला वेळ लागतो. ज्या मुलात दोन्ही खुणा असतात त्याचं वाचन जास्त रखडतं.

इथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बोलायला मूल आपोआप शिकतं. कानावर भाषा पडली की पुरे. वाचन तसं नाही. लिपी ही माणसाने जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी काढलेली युक्ती आहे, आणि मेंदूत वाचनासाठी जन्मतः वेगळी जागा नसते. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांतला डावीकडचा थोडा हिस्सा सरावाने अक्षरांच्या कामाला लागतो आणि तो आवाजांच्या भागांशी जोडला जातो. ही जोडणी काही मुलांमध्ये थोड्याशा शिकवण्याने होते. काहींमध्ये एकेक टाका हाताने घालावा लागतो. तो घातला की जोडणी होते. मेंदूच्या प्रतिमा काढून झालेल्या अभ्यासांत, नीट शिकवल्यानंतर या मुलांच्या मेंदूतली हालचाल बदललेली दिसली आहे.

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचा एक साधा गुणाकार मांडला: लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. तुम्ही नेपाळी वर्तमानपत्र हातात घ्या. लिपी देवनागरीच, घडाघड वाचाल, पण फारसं काही कळणार नाही. सोहमचं याच्या बरोबर उलट. गोष्ट वाचून दाखवली तर तो मला न सुचलेले प्रश्न विचारतो, आणि तीच गोष्ट त्याच्या हातात दिली की गप्प होतो. म्हणून त्याला ‘आकलनाचे’ आणखी प्रश्न सोडवायला देणं, किंवा ‘रोज पेपर वाच’ म्हणणं निरुपयोगी आहे. त्याची अडकलेली बाजू वेगळी आहे.

त्या बाजूसाठी जी पद्धत वापरतात तिचा उगम १९२०–३० च्या दशकांत अमेरिकेत आहे. सॅम्युएल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिका. गिलिंगहॅम यांनी बेसी स्टिलमन यांच्यासोबत इंग्रजीचे आवाज आणि स्पेलिंगचे नियम क्रमाने लावून शिकवण्याची पुस्तिका तयार केली. आज तिच्या कितीतरी शाखा आहेत आणि सगळ्यांना मिळून संरचित वाचन शिक्षण म्हणतात. मी पालकांना सांगते, पायरीपायरीने शिकवणं. यात एकही गोष्ट ‘बघून बघून येईल’ म्हणून सोडत नाहीत. प्रत्येक आवाज, प्रत्येक खूण, प्रत्येक नियम तोंडाने सांगून, करून दाखवून, करवून घेऊन शिकवतात. सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि आज शिकवलेलं उद्याच्या धड्यात पुन्हा येतं. मूल कुठे अडलं ते रोज टिपतात आणि पुढचा धडा त्यावरून ठरतो. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वर जायचं नाही, मग वर्गाचा अभ्यासक्रम कुठेही पोचलेला असो. पालकांना हे शेवटचं पटवणं सगळ्यात कठीण जातं.

आता मराठीकडे येते, कारण इंग्रजीची पद्धत उचलून जशीच्या तशी मराठीवर बसवता येत नाही. ‘मराठी काय, जसं बोलतो तसं लिहितो’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. इंग्रजीत अक्षरं सव्वीस आणि आवाज चव्वेचाळीसच्या आसपास, त्यामुळे एकेका अक्षराची तीन-तीन रूपं. मराठीत तो गोंधळ नाही. पण मराठीत अक्षरांची संख्याच प्रचंड. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर रूपं, आणि जोडाक्षरं अजून सुरूही झालेली नाहीत. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की अक्षरांचा पूर्ण संच हाती यायला प्राथमिक शाळेची चार-पाच वर्षं जातात. कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे. आपण मात्र बाराखडी पाठ झाली की काम संपलं समजतो.

बाराखडी पाठ असणं आणि बाराखडी वाचता येणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ सोहम तालासुरात म्हणायचा. मी तक्त्यावर मधल्याच ‘मू’वर बोट ठेवलं, तेव्हा तो ‘म’पासून सुरू करून बोटं मोजत तिथवर आला. गाणं पाठ होतं, खूण ओळखत नव्हता. घरी तपासायचं असेल तर हेच करा: ओळ म्हणायला लावू नका, मधेच बोट ठेवा.

आणि जसं बोलतो तसं लिहितो का? मुंबईच्या स्टेशनांवरच बघू. माटुंगा, कांजुरमार्ग, भांडुप, अंधेरी, मुंबई. पाचही ठिकाणी डोक्यावर तोच एक ठिपका. आता हळू म्हणून बघा. ‘माटुंगा’त ‘ग’च्या आधी आवाज घशाकडून येतो, ‘ङ्’. ‘कांजुर’मध्ये जीभ टाळूला टेकते, ‘ञ्’. ‘भांडुप’मध्ये ‘ण्’, ‘अंधेरी’त ‘न्’, ‘मुंबई’त ओठ मिटतात, ‘म्’. ठिपका एक, आवाज पाच, आणि कोणता ते पुढचं अक्षर ठरवतं. तुम्हाआम्हाला हे कोणी शिकवलं नाही, कानाने सांभाळून घेतलं. सोहमचा कान ते सांभाळून घेत नाही. त्याला सांगावं लागतं: ठिपका दिसला की थांब, पुढचं अक्षर बघ, त्या अक्षरासाठी तोंड तयार कर आणि नाकातून आवाज काढ. हे कळल्यावर त्याने वीस मिनिटं स्वतःच्या ओठांना हात लावून ‘मुंबई, माटुंगा, मुंबई, माटुंगा’ केलं.

‘र’ तर स्वतंत्र प्रकरण आहे. रे रोडचा ‘र’ सरळ आहे. विक्रोळीत तो ‘क’च्या पोटात तिरकी रेघ होऊन बसतो, ‘ट्रेन’मध्ये ‘ट’च्या पायाशी टोपीसारखा येतो, कुर्ल्यात ‘ला’च्या डोक्यावर रफार होऊन चढतो, आणि ‘वाऱ्यावर’मध्ये ‘य’ला आडवा चिकटतो. रफाराची खोड अशी की लिहिताना तो नंतरच्या अक्षरावर दिसतो आणि म्हणताना आधी येतो. पहिली वेलांटी याच्या उलट वागते: दिसते आधी, म्हणायची नंतर. प्रत्येक पत्त्यात असणारा ‘पश्चिम’ हा शब्द घ्या. वेलांटी ‘श्’च्याही आधी काढलेली, आणि आवाज ‘श्’ आणि ‘च्’ दोन्ही झाल्यावर. ज्या मुलाला आवाजांचा क्रम राखणंच अवघड, त्याच्यासमोर लिपी क्रमाशी खेळते. अशा मुलाने ‘पश्चिम’चं ‘पशिचम’ केलं तर त्याच्या वहीवर लाल रेघ ओढण्याआधी हे आठवावं.

याखेरीज न लिहिलेल्या गोष्टी आहेतच. ‘घाटकोपर’मध्ये ‘ट’ पूर्ण लिहितो पण म्हणतो अर्धा. हार्बर लाइनवर चुनाभट्टीचा ‘च’ वेगळा आणि तीन स्टेशनं पुढच्या चेंबूरचा वेगळा, अक्षर मात्र एकच. (इ, ई, ए यांच्या आधी ‘च’ बहुतेक वेळा चेंबूरचा होतो. एवढं सांगितलं तरी मुलाच्या हाती काहीतरी लागतं.) हे सगळं मराठी बोलणाऱ्या मुलाला उच्चार म्हणून येतच असतं. लेखी खूण आणि तोंडातला आवाज यांची गाठ कुठे आहे, ती दाखवायची असते.

एक तास कसा जातो ते सांगते, म्हणजे कल्पना येईल. तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. आधी जुन्या अक्षरांच्या चिठ्ठ्या: मी दाखवायची, त्याने आवाज म्हणायचा. मग उलट, मी आवाज काढायचा, त्याने लिहायचं, स्टीलच्या ताटलीत पसरलेल्या रव्यावर बोटाने. लिहिताना आवाज तोंडाने म्हणायचाच. या रव्याबद्दल एक प्रामाणिक गोष्ट. डोळा, कान, हात, तोंड एकदम वापरायला लावणं या पद्धतीत पहिल्यापासून आहे, आणि मुलांना ते आवडतं, मी ते सोडणार नाही. पण गुण रव्यात नाही. नुसती वाळू, रंगीत माती, टाळ्या आणून आवाज आणि नियम क्रमाने शिकवले नाहीत तर तो केवळ खेळ होतो. उलट साध्या पाटी-पेन्सिलीवर क्रम सांभाळला तर मूल पुढे जातं. महागडे संच विकत घेण्याआधी पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

मग एक, फक्त एक, नवी गोष्ट. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ अशा जोड्या मी कधीच एका आठवड्यात घेत नाही. एक पूर्ण पक्कं झालं की महिन्याने दुसरं. त्यानंतर शब्दवाचन, चार-पाच शब्दांचं श्रुतलेखन, आणि शेवटी परिच्छेद. या परिच्छेदात न शिकवलेली एकही खूण नसते. ‘बबन, नळ बघ. घर जवळ कर’ असली वाक्यं आपल्याला हास्यास्पद वाटतात. पण काना-मात्रा नसलेल्या शब्दांची ही वाक्यं पूर्वी पहिलीच्या पुस्तकात असत ती उगीच नव्हती. अशा मजकुरात अंदाज करायला चित्र नसतं, ओळखीची गोष्ट नसते, आणि हाताशी असलेल्या आवाजांनी प्रत्येक शब्द उलगडतोच. सोहमने आयुष्यात पहिल्यांदा एक पान अंदाज न करता वाचलं ते अशाच वाक्यांचं.

तो चुकला की मी शब्द सांगत नाही. ‘विद्याविहार’वर तो ‘विक्रोळी’ म्हणाला, तर ‘चूक’ही म्हणत नाही. ‘वि बरोबर. पुढे काय दिसतंय?’ एवढंच. ‘द’च्या पोटातला ‘य’ त्याला आधी शोधावा लागतो. ‘द् या, द्या. विद्या.’ वेळ जातो. जाऊ द्यावा. पालकांना ही शांतता असह्य होते आणि ते मदतीला म्हणून शब्द सांगून टाकतात. ‘चित्र बघून ओळख’, ‘पहिल्या अक्षरावरून ओळख’ हा सल्ला तर या मुलांना अजिबात देऊ नये. ते आयुष्यभर तेच करत आलेले असतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली शेकडो अभ्यास तपासून वाचनाचे पाच भाग महत्त्वाचे मानले: ध्वनींची जाण, अक्षर-आवाजाचं नातं, ओघ, शब्दसंग्रह आणि आकलन. मी वर बोलले ते पहिल्या दोनांबद्दल, कारण खीळ तिथे बसलेली असते. पण मुलाचं वाचन पहिलीच्या पायरीवर आहे म्हणून त्याची समजही पहिलीची धरू नका. रोज रात्री त्याला त्याच्या वयाचं, त्याच्या आवडीचं पुस्तक वाचून दाखवा. शब्दसंग्रह कानातूनही वाढतो, आणि जो मुलगा वाचत नाही त्याचा तो वाढायला दुसरा मार्गच नाही.

इंग्रजी माध्यमाचा प्रश्न मुंबईत हमखास येतो. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठीही सक्तीची. म्हणजे त्या पोराला दोन लिप्या. माध्यम बदलून डिस्लेक्सिया जात नाही, कारण आवाज हाताळण्याची अडचण तीच राहते. फक्त रूप बदलतं: इंग्रजीत चुका भरमसाट दिसतात, मराठीत चुका कमी पण वाचन संथ, एकेक अक्षर करत. म्हणून मराठीतला डिस्लेक्सिया पुष्कळदा ‘जरा हळू आहे’ या शब्दांखाली झाकून जातो. ज्या भाषेत मूल विचार करतं तिच्यात पाया आधी घालावा, असं माझं मत आहे. एका लिपीत ‘आवाज फोडायचे आणि जोडायचे’ हे एकदा कळलं की दुसरीत ते नव्याने शिकावं लागत नाही. चाचणीही फक्त इंग्रजीत उरकू नये. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणी-संच केला आहे, त्यात हिंदी आणि कन्नडबरोबर मराठीही आहे.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना बोर्डाच्या सवलती १९९६ पासून मिळू लागल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता दिली. मुंबईत सायन, नायर, केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होते: कान, डोळे, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी. प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांचं झाल्यावर मिळतं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा या त्या मुलाच्या हक्काच्या गोष्टी आहेत, त्या मागताना कसलाही संकोच नको. पण कागद हातात आला की घरची मंडळी सुटकेचा श्वास टाकतात आणि शिकवणं थांबतं, हे मी फार वेळा बघितलं आहे. लेखनिक मिळाला म्हणून बसची पाटी वाचता येत नाही. आणि उलट बाजूने, आठ वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत शिकवणं लांबवणं तर त्याहून वाईट. सहाव्या वर्षी अक्षरांशी झुंजणाऱ्या मुलाला पायरीपायरीने शिकवायला कुणाचा शिक्का लागत नाही. पुढे त्याला डिस्लेक्सिया नाही असं निघालं, तरी या शिकवण्याने तोटा काहीच होत नाही.

किती दिवस लागतात, हा प्रश्न सगळे विचारतात. महिन्यांत नाही, वर्षांत मोजा. सोहम आठवड्यातून तीनदा येतो आणि घरी रोज पंधरा मिनिटं करतो. दीड वर्ष झालं. तो अजून हळू वाचतो, पण आता वाचतो.

गेल्या महिन्यात आम्ही ऱ्हस्व-दीर्घ सुरू केलं. हे मराठीतल्या भल्याभल्यांना नीट येत नाही, कारण बोलताना आपण लांबी फारशी पाळत नाही. कान मदत करत नाही, तेव्हा नियमच हवा. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: फूल, जमीन. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: फुलाला, जमिनीवर. त्या अक्षरावर अनुस्वार असेल तर ऱ्हस्वच. (संस्कृतातून आलेले ‘गुण’सारखे शब्द वेगळे, ते अजून घेतलेले नाहीत.) उदाहरणं अर्थातच स्टेशनांची: नाहूर, चेंबूर दीर्घ, मुलुंडवर ठिपका म्हणून ‘लुं’ ऱ्हस्व.

सोमवारी सोहम आला तो चपला काढायच्या आधीच बोलायला लागला. रविवारी मामाकडे मुलुंडला गेला होता. “बाई, तुम्ही सांगितलं ते चुकलंय. नाहूरचा हू दुसरा आहे. मग भांडुपचा डु पहिला का? दोन्ही स्टेशनं शेजारीच आहेत. मी येताना पण बघितलं.”

मी त्याला सांगितलं की नियमाने ‘भांडूप’ व्हायला हवं, आणि काही लोक तसं लिहितातही, पण पाटीवरचं नाव नियमाबाहेरचं आहे. त्याने वही उलटी करून शेवटचं पान काढलं, वर ‘नियम न पाळणारे’ असं लिहिलं, ‘पाळणारे’मधल्या ‘ळ’वर जरा अडला, आणि खाली पहिलं नाव घातलं: भांडुप.